मांजराचे मंदिर आणि नागोबाचे वारूळ

इसवी सन १८९० च्या आरंभी इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरात एक विलक्षण माल उतरला. वजन सुमारे १९ टन, मुक्काम इजिप्त, आणि मालाचे स्वरूप म्हणजे मांजरांच्या ममी! त्यांची संख्या १ लाख ८० हजारांच्या घरात होती, असा अंदाज आहे. मध्य इजिप्तमधील बेनी हसन या गावाजवळ १८८८ साली एका शेतकऱ्याला जमीन खणताना मांजरांची एक प्रचंड दफनभूमी सापडली होती. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या मांजरांना लोकांनी मसाले चोपडून, कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून, देवीच्या नावाने भक्तिभावाने पुरले, तीच मांजरे लिव्हरपूलला लिलावात निघाली. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा म्हणून एका मांजराचे वाळलेले डोकेच हाती घेतले होते, असे सांगतात. माल विकला गेला, दळला गेला आणि खत होऊन इंग्लंडच्या शेतांत पसरला.

आता दुसरे चित्र पाहावे. आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूर नावाचे गाव आहे. तेथे दरवर्षी पौष अमावास्येच्या मध्यरात्री गोंड लोकांतील मेसराम कूळ नागोबाची महापूजा करते. त्या पूजेसाठी लागणारे गोदावरीचे पाणी माणसे आजही अनवाणी चालत जाऊन आणतात. एक देव मांजराच्या रूपातला, दुसरा नागाच्या. एकाच्या पूजेचे अवशेष खत झाले. दुसऱ्याच्या पूजेला प्रतिवर्षी नव्या सुना येऊन मिळतात. प्राण्यांच्या रूपात देव पाहण्याची वृत्ती दोन्हीकडे सारखीच असता परिणामांत एवढे अंतर का पडले, याचा विचार करणे हा प्रस्तुत भाषणाचा हेतू आहे.

मांजराचे देवपण समजून घ्यावयाचे तर प्रथम धान्याच्या कोठारापाशी जावे लागते. नाईल नदीला दरवर्षी पूर येई, गाळ पसरे, आणि त्या गाळावर गहू व जव यांचे अमाप पीक निघे. इजिप्तचे सारे वैभव त्या धान्यावर उभे होते. जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा क्रम मनुष्याने ठरविलेला नाही. कुत्र्याला माणसाने शिकारीसाठी जवळ केले, बैलाला नांगरासाठी बांधले. मांजर मात्र आपल्या पायांनी चालत आले आणि आपल्या मर्जीने राहिले. ही सोयरीक इजिप्तहूनही जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. परंतु घरात आलेल्या या प्राण्याला देवळापर्यंत नेले ते इजिप्तनेच. त्यांच्या भाषेत मांजराला ‘मिऊ’ म्हणत. आपल्याकडील माऊचे नावही त्याच रीतीने पडलेले आहे. प्राण्याने स्वतःच आपले नाव सांगावे आणि माणसाने ते मान्य करावे, असा हा प्रकार.

मांजराच्या रूपातील देवीचे नाव बास्तेत. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बुबास्तिस हे तिचे क्षेत्र. आज तेथे झगाझिग या शहरालगत तेल बस्ता नावाचे पडके टेकाड तेवढे उरले आहे. एदुआर नाव्हील या पुराणवस्तुसंशोधकाने १८८७ ते १८८९ या काळात तेथे उत्खनन केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बास्तेत आरंभापासून मांजर नव्हती. सर्वांत जुन्या पात्रांवर ती सिंहिणीच्या मुखाची दिसते. सिंहमुखी सेखमेत ही रोगराईची आणि युद्धाची देवी. तिचा कोप शांत झाला म्हणजे तीच सौम्य बास्तेत होते, अशी पुढे समजूत रूढ झाली. रानातील सिंहीण उंबरठ्याच्या आत आली, आणि उग्र देवी घरधनीण झाली. पिलांना दूध पाजणाऱ्या मांजरीचे ताईत इजिप्तच्या स्त्रिया संततीसाठी अंगावर घालीत. आपल्याकडे पाचवी-सटवीला बाळंतिणीच्या खोलीत जी भीतियुक्त श्रद्धा वावरते तिच्याशी या देवीचे नाते जुळते; बंगालात तर षष्ठीदेवीचे वाहन मांजरच आहे. मात्र महाराष्ट्रात मांजर आडवे गेले की प्रवासी दोन पावले मागे सरतो. एकच प्राणी एका मुलखात मंगल आणि दुसऱ्यात अपशकुनी ठरतो, यावरून प्राण्याचे देवपण त्याच्या अंगी नसून त्याच्याशी माणसाने जोडलेल्या संबंधात असते, हे ध्यानी येते.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इजिप्तमध्ये फिरला. बुबास्तिसच्या यात्रेचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. नावांत दाटीवाटीने बसलेले स्त्रीपुरुष, स्त्रियांच्या हातांतील खुळखुळे, पुरुषांच्या बासऱ्या, काठावरच्या गावांतील बायकांशी चाललेली थट्टामस्करी, आणि यात्रेत उठणारा मद्याचा महापूर हे सारे त्याने टिपले आहे. मुले वगळून सात लाख लोक जमतात, असे तेथील लोकांनी त्याला सांगितले. घरात मांजर मेले तर घरातील माणसे भुवया काढून सुतक पाळीत, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी डायोडोरस हा दुसरा ग्रीक लेखक तेथे गेला. त्याच्या डोळ्यांदेखत एका रोमन मनुष्याच्या हातून चुकून मांजर मेले. रोमची इजिप्तवर त्या वेळी केवढी जरब होती! तरीही राजाने पाठविलेल्या अधिकाऱ्यांना न जुमानता जमावाने त्या मनुष्याचा प्राण घेतला.

अशा हकीकती वाचून इजिप्तचे लोक प्राण्यांपुढे लोटांगण घालणारे अडाणी होते, असा ग्रह ग्रीक व रोमन लेखकांपासून चालत आला. तो यथार्थ नाही. प्रत्येक मांजर म्हणजे बास्तेत, असे इजिप्तचा पुरोहित मानीत नव्हता. देव अदृश्य आहे; तो कोणत्या गुणाने ओळखावा, हे सांगण्यासाठी प्राण्याचे रूप ही एक लिपी होती. स्मशानाभोवती रात्री कोल्हे हिंडत, म्हणून मृतांचा रक्षक अनुबिस कोल्ह्याच्या मुखाचा. आकाशात सर्वांत उंच ससाणा घिरट्या घाली, म्हणून राजसत्तेचा देव होरस ससाण्याच्या रूपाचा. मनुष्याच्या धडावर प्राण्याचे मुख बसविणारी ती शिल्पे आपल्याला चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. गजानन, नृसिंह आणि हनुमान यांच्या देशातील माणसाला ती भाषा सहज कळावी.

या लिपीत नागाला दोन अर्थ होते. सूर्याची नौका रात्री पाताळातून जाते तेव्हा अपोफिस नावाचा महासर्प तिला अडवितो, आणि पवित्र वृक्षाखाली एक मांजर हाती सुरी घेऊन त्या सर्पाचे शिर कापते, असे दृश्य थडग्यांच्या भिंतींवर रंगविलेले आहे. येथे सर्प म्हणजे अंधार. परंतु राजाच्या कपाळावर फणा काढून बसलेला नागही तेथेच आहे, आणि तो राजाचा रक्षक आहे. पिकांची व कोठारांची देवी रेनेनुतेत नागिणीच्या रूपाची. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती ज्या डोंगराच्या छायेत होती, त्या डोंगराची देवी मेरेतसेगेर हीही नागीणच. ते कारागीर पुजाऱ्याची वाट न पाहता स्वतःच लहान शिळा कोरून तिची क्षमा मागत. उंदीर खाणारे प्राणी दोन, मांजर आणि साप. कोठारापाशी दोघांचीही गरज आणि दोघांचेही भय. तेव्हा दोघेही देव झाले, यात आश्चर्य नाही.

या धर्माने कलेला काय दिले, याचा नमुना म्हणून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गेयर-अँडरसन मांजराकडे पाहावे. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराची ही काशाची मूर्ती रॉबर्ट गेयर-अँडरसन या इंग्रज संग्राहकाच्या नावाने ओळखली जाते. ताठ बसलेले मांजर, कानांत व नाकात सोन्याच्या बाळ्या, छातीवर चांदीचे पदक. देवी असूनही ती पूर्णपणे मांजर आहे. कान टवकारलेले, शेपटी पुढच्या पायांशी आणून ठेवलेली. ज्याने आयुष्यभर घरात मांजर पाहिले त्यालाच असे मांजर घडविता येते. ही मूर्ती मेणाच्या साच्याने ओतलेली आहे: प्रथम मेणाची आकृती, तिच्यावर मातीचा लेप, मग आच देऊन मेण गाळून टाकावयाचे आणि त्या पोकळीत तापलेला धातू ओतावयाचा. या रीतीचा पुढे पुन्हा उल्लेख येईल.

मांजरदेवीच्या भक्तीला अखेरच्या शतकांत जे वळण लागले ते मात्र खिन्न करणारे आहे. देवीला मांजराची ममी वाहिली की नवस पोचतो, अशी समजूत दृढ झाली. यात्रेकरू दुरून येत आणि देवळापाशी तयार ममी विकत घेत. मागणी वाढली तशी देवळांच्या आश्रयाने मांजरांची पैदास सुरू झाली. गेल्या शतकात या ममींची क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा दिसून आले, की त्यांपैकी अनेक मांजरे वयाचे वर्षही पुरे होण्याआधी मेलेली आहेत आणि कित्येकांच्या माना पिरगळलेल्या आहेत. मांजर मारणाऱ्याचा जीव घेणाऱ्या देशात देवीसाठी मांजरे मारण्याचा धंदा चालत होता! इतर प्राण्यांचीही तीच गत. सक्कारा येथील भुयारांत शराटी पक्ष्यांच्या ममी लाखांनी मोजाव्या लागतात. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राण्यांच्या शेकडो ममी तपासून २०१५ साली असे जाहीर केले, की सुमारे एकतृतीयांश गाठोड्यांत प्राण्याचा अवशेषच नाही. आत माती, काटक्या, पिसे असा ऐवज आहे. भक्ताची श्रद्धा खरी होती. पण त्याने देवीसाठी स्वतः काय केले, असे विचारले तर उत्तर एवढेच, की त्याने पैसे मोजले.

पुढे इजिप्तवर रोमची सत्ता आली, देवळांची उत्पन्ने आटली, ख्रिस्ती धर्म पसरला, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसने जुन्या देवतांच्या पूजेवर बंदी घातली. तीन हजार वर्षे टिकलेला धर्म एका हुकमाने मेला, असे म्हणता येणार नाही. त्याला अनेक कारणे होती. परंतु देवळांचा आधार तुटल्यावर बास्तेतची पूजा पुढे चालवील असे एखादे कूळ, एखादे गाव उरले नाही, ही गोष्ट खरी.

इजिप्तहून आदिलाबादेस येण्याचा मार्ग हैदराबादेवरून जातो. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात एक इजिप्शियन ममी आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीत ती तेथे आली. ज्या राज्याच्या राजधानीत नाईलकाठची ही पाहुणी विसावली, त्याच राज्याच्या उत्तर टोकाला गोदावरी आणि पैनगंगा यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात आदिलाबाद जिल्हा होता. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. गोंडांची वंशावळी गाणारे जे परधान, त्यांच्या घरची बोली या भागात पूर्वापार मराठीच. विदर्भातील गोंडांत मेश्राम असे लिहिले जाणारे नाव केसलापूरला मेसराम होते. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी देवाची वाट जुन्याच मुलखातून जाते.

नागोबाच्या कथेचे पाठ अनेक आहेत. गाभा मात्र एक. मेसराम कुळातील एका मातेच्या पोटी नाग जन्मास आला. आईने त्याला टाकले नाही. तो वाढला, आणि रीतीप्रमाणे त्याच्या मामाची मुलगी गौरी हिच्याशी त्याचे लग्न लागले. गौरी आपल्या नवऱ्याला टोपलीत घालून निघाली. वाटेत त्याने मनुष्यरूप धारण केले, पण ते टिकले नाही; तो पुन्हा नाग झाला आणि दिसेनासा झाला. त्याच्या शोधात हिंडता हिंडता गौरी गोदावरीच्या डोहात लुप्त झाली, आणि नाग केसलापूरच्या वारुळात शिरला. जन्नारमजवळचा हस्तिनमडुगू हा तो डोह. मेसराम लोक दरवर्षी पाणी आणतात ते त्याच ठिकाणचे. म्हणजे नागोबाच्या पूजेसाठी जे पाणी येते ते त्याच्या पत्नीकडून येते.

या कथेतील नाग कोणत्या गुणाचे चिन्ह आहे, असा प्रश्न केला तर उत्तर सापडत नाही; कारण तो चिन्ह नाहीच. तो मेसराम कुळातील मुलगा आहे. त्याला आई आहे, मामा आहे, बायको आहे. इजिप्तचा देव प्राण्याच्या रूपात प्रकट होतो. केसलापूरचा देव प्राण्याच्या रूपात जन्म घेतो आणि नात्यागोत्यात बांधला जातो. दोन्ही कल्पनांतील हे अंतर बारीक असले तरी पुढचे सारे त्यातून निघते. देव नात्यातला असेल तर त्याची पूजा विकत घेता येत नाही. ज्याच्या वाट्याला जे काम आले ते त्यानेच करावे लागते.

म्हणूनच केसलापूरच्या विधीत प्रत्येक कामाचा धनी ठरलेला आहे. यात्रेपूर्वी छकडा गावोगाव फिरून वर्दी देतो. पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांनी घडवावयाची. इतर कोणाची चालत नाहीत. पांढरी वस्त्रे नेसलेले मेसराम पुरुष पितळी झारी घेऊन पायी गोदावरीवर जातात, वाटेत गावोगावी मुक्काम करतात आणि परतताना इंद्रवेल्लीस इंद्रादेवीचे दर्शन घेतात. केसलापूरला पोचल्यावर बैलगाड्यांतून आलेली कुटुंबे वडाच्या झाडांखाली उतरतात. कुळाच्या लेकीसुना नव्या मडक्यांतून पाणी आणतात, त्या पाण्याने माती मळली जाते आणि तिचे वारूळ रचले जाते. मध्यरात्री त्या आणलेल्या पाण्याने देवाला अभिषेक होतो. परधानाची किकरी वाजते आणि कुळाची कथा गायिली जाते.

सर्वांत अर्थपूर्ण विधी त्यानंतरचा, ‘भेटिंग’ नावाचा. मेसराम घराण्यात लग्न होऊन आलेल्या सुनांची या वेळी नागोबाशी भेट घडविली जाते. पांढऱ्या लुगड्यात, तोंडावर पदर घेतलेल्या या सुना थोरल्या बायकांच्या मागून देवापुढे येतात. ही भेट होईपर्यंत सून कुळात पुरती सामील झालेली नसते. इतर देवकार्यांत तिला भाग घेता येत नाही. सासरच्या वडीलधाऱ्यांना नव्या नवरीने नमस्कार करावा तशीच ही भेट; फरक इतकाच, की येथे वडीलधारा नाग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केसलापूरला नवे दगडी मंदिर उभे राहून प्रतिष्ठापना झाली, तेव्हा त्याच्या बांधकामाचा भारही मेसराम कुटुंबांनी घरटी वर्गणी काढून उचलला.

गोंडांच्या इतर देवतांकडे पाहिले म्हणजे कलेच्या दृष्टीने आणखी एक भेद दिसतो. प्रत्येक कुळाचा जो मोठा देव, पेर्सा पेन, त्याला मुखच नाही. चवरी आणि लोखंडी भाल्याचे पाते ही त्याची खूण. पूजा झाली की ती पुन्हा झाकून ठेवावयाची. इजिप्तने देवाला हजारो मुखे दिली. गोंडाने मुख न देता देव राखला. मात्र दिवाळीच्या सुमारास दंडारीचे दिवस आले की हाच समाज रूपांचा उत्सव मांडतो. घुसाडी नाचणाऱ्याच्या मस्तकावर मोरपिसांचा प्रचंड टोप आणि त्याला शिंगे, अंगभर राख, काखेत कातडे. त्या दिवसांत तो स्नान करीत नाही, कारण तेव्हा तो नुसता माणूस नसतो. त्याच्या अंगी देवाचा संचार आहे असे मानतात. इजिप्तमध्ये विधीच्या वेळी पुरोहित कोल्ह्याचा मुखवटा चढवून अनुबिस होई. असा एक मातीचा मुखवटा जर्मनीतील हिल्डेसहाइम येथील संग्रहालयात ठेवलेला आहे. तो काचेआड आहे. घुसाडीचा टोप मात्र दरवर्षी नव्या नाचणाऱ्याच्या डोक्यावर चढतो. मारलवाईचे कनक राजू यांना या नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली; त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आज नाचत आहेत.

मेणाच्या साच्याची जी रीत मागे सांगितली ती याही मुलखात नांदते. उषेगाव आणि केसलागुडा येथील ओझा कारागीर मेणाच्या बारीक तारा वळून त्यांची आकृती करतात, मातीचा लेप देतात आणि पितळ ओततात. मोर, बैल, नाग, दिवे, देवदेवता अशी त्यांची सृष्टी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या ओतकामाचे वर्णन आहे. आदिलाबादच्या डोकरा कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इजिप्तच्या कारागिराने आपली विद्या गोंडवनात पाठविली, असा तर्क यावरून कोणी करू नये. जुन्या पिढीतील काही पंडितांना अशी साम्ये दिसली की लगेच समुद्रावरून जहाजे दिसू लागत. मेण, माती आणि विस्तव जेथे आहेत तेथे माणसाच्या बोटांना ही युक्ती सुचू शकते. तसेच धान्य, उंदीर आणि नाग जेथे आहेत तेथे नागाचे देवपणही सुचू शकते. साम्य दिसले म्हणजे संबंध सिद्ध झाला, असे होत नाही.

मांजरकुळाचा थोरला वंशज वाघ, तोही या मुलखात देव आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून पैनगंगा ओलांडून वाघ आदिलाबादेत येतात. दक्षिणेस कवल येथे २०१२ साली व्याघ्रप्रकल्प झाला आहे. सह्याद्रीत महादेव कोळी वाघबारस पाळतात, वारली आपल्या वाघदेवाला शेंदूर लावतात, तशीच वाघोबाला मानण्याची चाल गोंडांतही आहे. वाघोबाला नैवेद्य दाखविणारा गुराखी वाघाला पाळीव समजत नाही. तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या, असा तो करार असतो. आता या कराराला तिसरा पक्ष मिळाला आहे. २०२५ च्या मे महिन्यात तेलंगण शासनाने कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील वाघांच्या वाटेवरचे जंगल संरक्षित करण्याचा आदेश काढला, तेव्हा आपली गावे उठतील या भीतीने आदिवासींनी त्याला विरोध केला, आणि जुलैत तो आदेश स्थगित करावा लागला. वाघ जगावा, ही गोष्ट निर्विवाद. पण ज्या लोकांनी वाघाला देव मानून त्याच्या शेजारी दिवस काढले, त्यांनाच त्याचे वैरी समजून दूर सारले तर तो जुना करार कोणाशी राहील?

आदिलाबादेत देवाचा आणि जमिनीचा प्रश्न नेहमी असा एकत्र आलेला आहे. १९४० साली कोमरम भीम जोडेघाटला धारातीर्थी पडला तो जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठीच. त्यानंतर निजाम सरकारने या असंतोषाचा शोध घेण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. मारलवाईस झोपडीत राहून त्याने गोंडांच्या कथा व विधी टिपले. त्याचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याच सूचनेवरून नागोबाच्या यात्रेत अधिकाऱ्यांनी दरबार भरवून लोकांच्या तक्रारी ऐकण्याची प्रथा पडली. जे लोक कचेरीच्या पायरीशी कधी जात नसत ते देवाच्या अंगणात निर्भयपणे बोलत. परंतु त्याच इंद्रवेल्लीत २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ माणसे मेली. इंद्रादेवीच्या गावी आता त्यांचा स्मृतिस्तंभही उभा आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. बास्तेतची कला थोर होती, तिची यात्रा मोठी होती, तिच्यावरील श्रद्धा प्राण घेण्याइतकी तीव्र होती. तरीही ती लोपली. नागोबापाशी काशाची मूर्ती नव्हती, राजवंशाचा आश्रय नव्हता, लिहिलेले स्तोत्रही नव्हते. तरीही तो टिकला. याचे कारण नागाच्या सामर्थ्यात शोधण्याऐवजी त्याच्याभोवती वाटून दिलेल्या कामांत शोधले पाहिजे. कुंभाराचे मडके, परधानाचे गाणे, लेकीसुनांची माती, पुरुषांची पायपीट, नव्या सुनेची भेट, यांपैकी कोणतेही काम दुसऱ्याला पैसे देऊन करवून घेण्याजोगे नाही. देवाशी नाते आहे तोपर्यंत हे काम आहे, आणि काम आहे तोपर्यंत नाते आहे.

पण यावरून निश्चिंत होण्याचे कारण नाही. यात्रा मोठी होत आहे, दुकाने वाढत आहेत, आणि मोठ्या यात्रांत देवाचे दर्शन ही विकत घ्यावयाची वस्तू होण्यास फार दिवस लागत नाहीत, हे बुबास्तिसने दाखवून दिले आहे. शिवाय प्राण्याचा देव प्राण्यावाचून फार काळ राहात नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजण्याची जुनी प्रथा होती. वन्य प्राण्यांच्या रक्षणाच्या कायद्यान्वये न्यायालयाने तिला आळा घातला. भक्तांना तो अन्याय वाटला; परंतु पूजेने पूज्य प्राण्यालाच पीडा होऊ लागली म्हणजे भक्तीने आपली रीत तपासली पाहिजे, हा धडाही इजिप्तच्या त्या पिरगळलेल्या मानांनी दिलेला आहे. केसलापूरच्या रीतीत नागाला पकडावयाचे नसते. त्याच्यासाठी वारूळ रचावयाचे आणि वाट पाहावयाची, एवढेच. त्यासाठी वारुळाला माती हवी, वडाला जागा हवी, गोदावरीच्या डोहाला पाणी हवे आणि पायवाटेला अडवणारे कुंपण नको. ही चार साधने शाबूत राहिली तर पौष अमावास्येला झारी भरून येत राहील, आणि पदर ओढलेल्या सुना आपल्या कुळातील त्या सर्वांत थोरल्या आप्ताला भेटत राहतील.